जॉन द डॉन आणि आपली लेकरं

'मोटू पतलू' घरी लागत असेल, तर त्यातला गुंड तुम्हाला ठाऊक असणारच. फुरफुरी नगरात चोऱ्यामाऱ्या करतो, नंबर वन आणि नंबर टू नावाचे दोन चमचे घेऊन फिरतो आणि दर वेळी मार खातो. त्याचं नाव जॉन. जॉन द डॉन. २०१२ मध्ये ही मालिका निक वाहिनीवर सुरू झाली. घरात योहान किंवा जॉन नावाचं पोरगं असूनही हे नाव कानाला खटकलं नाही, असे आईबाप मला भेटले आहेत. त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. कार्यक्रमात पूजाबिजा आहे का? भूत आहे का? जादूटोणा? यातलं काही नाही, म्हणजे कार्यक्रम चांगला. मग लेकरापुढे ताट ठेवायचं, टीव्ही लावायचा आणि आपण कामाला लागायचं.

ख्रिस्ती घरांत कार्यक्रमांची पारख बहुतेक अशीच होते, आणि तिची खोट इथेच आहे. आपण दुकानाची पाटी वाचून परत फिरतो, आतला माल बघत नाही. देवाधर्माचा उल्लेख आला की सावध व्हायचं, नाही आला की निर्धास्त. पण लेकरू पडद्यावरून जे उचलतं, त्यातलं फार थोडं धर्माच्या नावानं आलेलं असतं. कुणाला हसायचं, कुणाला भ्यायचं, सुंदर कोण नि कुरूप कोण, आईला उलटून बोललं तर काय होतं, चूक झाली तर कबूल करायची की लपवायची, हे सगळं ते गुपचूप शिकतं. या गोष्टींबद्दल शुभवर्तमानाला सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

'छोटा भीम'चंच उदाहरण घ्या. हैदराबादच्या राजीव चिलका यांच्या ग्रीन गोल्ड कंपनीची ही मालिका २००८ मध्ये पोगोवर आली. काही ख्रिस्ती घरांत ती नावामुळेच बंद असते, कारण भीम महाभारतातला. प्रत्यक्षात ढोलकपूरच्या रोजच्या गोष्टी लाडू, कुस्ती आणि गावावर आलेलं संकट यांच्याभोवतीच फिरतात. माझी हरकत वेगळीच आहे. त्यातला दांडगट, हावरट, सतत फजिती होणारा पोरगा बघा. रंगानं काळा, अंगानं जाडा, आणि नावच कालिया! चुटकी मात्र गोरीपान. मराठवाड्याच्या उन्हात वाढलेली आपली सावळी पोरं हे रोज बघतात, आणि मग एक दिवस वर्गातल्या मित्राला त्याच नावानं हाक मारतात. माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे, हे उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातलं वचन संडे स्कूलमध्ये तोंडपाठ करून घेतलेलं असतं. पण इकडे रोजचा अर्धा तास त्याच्या उलट शिकवत असतो. भीमाच्या बाजूनंही बोललं पाहिजे. तो दुबळ्यासाठी उभा राहतो आणि मित्राला सोडत नाही. म्हणून आमच्याकडे भीम बंद नाही. कालियाबद्दल मात्र बोलणं होतं.

'डोरेमॉन'ला कुणी जादूचा कार्यक्रम म्हणतं. मला तर तो नीतिसूत्रांच्या बराच जवळचा वाटतो. नोबिता अभ्यास टाळायला यंत्र मागतो, डोरेमॉन पोटाच्या खिशातून काढून देतो, दहा मिनिटांत तेच यंत्र नोबितावर उलटतं आणि शेवटी तो रडत घरी येतो. आळशाची गत काय होते, हे याहून सोपं करून कोण सांगणार? खटकतं ते शिझुकाच्या न्हाणीघरात डोकावणं. ते विनोद म्हणून येतं, आणि मुलगे हसतात. तिथे टीव्ही क्षणभर थांबवून "हे हसण्यासारखं आहे का?" एवढं विचारलं तरी पुरतं. 'शिनचॅन'वर तर २००८ मध्ये केंद्र सरकारनेच बंदी आणली होती. पुढे कात्री लावून तो परत आला. आईशी बोलण्याचा त्यातला सूर पोरांच्या जिभेवर फार लवकर चढतो, म्हणून शाळेत जाण्याआधीच्या वयात तो नकोच, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता अवघड भागाकडे येऊ.

औंढा नागनाथ म्हणजे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. इथे ख्रिस्ती घरं मोजकीच. कुणी शिक्षक, कुणी नर्स, कुणी बदली होऊन आलेलं. महाशिवरात्रीला सगळं गाव यात्रेनं फुलतं. नामदेवांना त्यांचे गुरू विसोबा खेचर इथेच भेटले, असं परंपरा सांगते. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरलं, ही कथा इथल्या प्रत्येक पोराला येते. नर्सी नामदेव तर आपल्याच हिंगोली जिल्ह्यात. अशा गावात ख्रिस्ती लेकराला हिंदू देवदेवतांच्या गोष्टींपासून पूर्ण बाजूला ठेवणं शक्य नाही. मला ते इष्टही वाटत नाही. वर्गातली निम्मी मुलं 'लिटिल कृष्णा' बघत असताना आपलं पोरगं कानात बोटं घालून बसेल, अशी अपेक्षा धरून कसं चालेल?

इथे मला दानीएलाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय उपयोगी पडतो. बाबेलच्या राजवाड्यात नेलेल्या चार यहुदी पोरांना खास्दी लोकांची विद्या आणि भाषा शिकवली गेली. त्यांची नावंही बदलली. शिकायला ती पोरं नाही म्हणाली नाहीत. राजाच्या ताटातलं अन्न मात्र त्यांनी नाकारलं, तेही भांडण न करता, दहा दिवस पारखून बघा असं कारभाऱ्याला विनवून. म्हणजे रेष होती, पण कुठे आखायची याचा विचार केलेला होता. आपली गोष्ट तर आणखी सोपी आहे, कारण हा मुलूख आपल्याला परका नाही. भाषा आपली, गाव आपलं, शेजार आपला.

म्हणून माझी रेष अशी आहे. सहा-सात वर्षांच्या आतल्या मुलाला गोष्ट आणि श्रद्धा यांतला फरक नीट कळत नाही. त्या वयात पौराणिक मालिका आपल्या घरी रोजच्या रतिबाला लावू नये. शेजारी जाऊन एखादा भाग बघून आलं, तर घरात सुतकी चेहरे करू नयेत. "छान होती का गोष्ट? ती आपल्या शेजारच्यांच्या देवाची गोष्ट आहे. आपण प्रभू येशूला मानतो," एवढं साध्या आवाजात सांगावं आणि जेवायला वाढावं. आठ-दहा वर्षांच्या मुलाला ती गोष्ट माहीत असावीच. आपल्या मित्राला काय प्रिय आहे हे ज्याला ठाऊक नाही, तो मित्राशी आदरानं कसा वागणार?

एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळावी. टीव्हीवर दुसऱ्याचा देव दिसला की घरात "खोटं", "सैतानाचं" असले शब्द उच्चारू नयेत. तुम्ही ते सोफ्यावर बसून बोलता. लेकरू तेच दुसऱ्या दिवशी वर्गात, बाकावर शेजारी बसलेल्या मित्राला सांगतं. मग मुख्याध्यापकांसमोर उभं राहायची वेळ आली, तर दोष कार्टूनचा नसतो.

दुसरं ख्रिस्ती कुटुंब तुमच्याहून कडक किंवा सैल असू शकतं. मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याच्या मांसावरून करिंथच्या मंडळीत असाच वाद होता. पौलानं पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात ज्ञान मिरवणाऱ्यांनाच दटावलं, की दुबळ्या विवेकाच्या भावाला अडखळण होऊ नका. तेव्हा पाहुण्यांच्या घरात 'लिटिल कृष्णा' चालत नसेल, तर त्यांची पोरं तुमच्याकडे असताना तुम्हीही तो लावू नका. आणि चालत असेल, तर प्रार्थनासभेत त्याचा विषय काढू नका!

आपल्या पूर्वसुरींना ही पारख चांगली जमत होती. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पण त्यांनी वारकऱ्यांचा अभंग टाकून दिला नाही, उलट भजन-कीर्तनाचा बाज मंडळीत आणला. बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी राहिले. १८४२ मध्ये अहमदनगरला 'ज्ञानोदय' निघालं, पुढे त्याच अमेरिकन मराठी मिशनने मुलांसाठी 'बालबोधमेवा' काढला. लेकरांपुढे काय ठेवायचं, हा मराठी ख्रिस्ती माणसाचा विचार टीव्हीच्या फार आधीचा आहे.

आता 'आपल्या' कार्यक्रमांकडे वळू. बायबलचं कार्टून लावलं की डोळे मिटून निवांत व्हायचं, ही सवय मला जादूच्या भीतीपेक्षाही घातक वाटते. 'सुपरबुक' १९८१ मध्ये जपानी स्टुडिओ आणि अमेरिकन ख्रिस्ती वाहिनी यांनी मिळून केलं. २०११ पासून ते नव्या रूपात आलं. चित्रं देखणी, गोष्ट वेगवान. पण दाविदाची गोष्ट बघून झाल्यावर पोराच्या हातात काय उरतं ते विचारून बघा. "हिंमत केली की मोठ्यालाही पाडता येतं" असं उत्तर आलं, तर भीमाच्या लाडवात आणि दाविदाच्या गोफणीत फरक राहिला नाही. पहिल्या शमुवेलात दावीद स्वतःच्या नव्हे, परमेश्वराच्या नावानं पुढे जातो. म्हणून माझा आग्रह असा, की बायबलवरचं कार्टून बघितलं की त्याच आठवड्याच्या कौटुंबिक उपासनेत तो अध्याय वाचायचा आणि पोरांनाच विचारायचं, "कार्टूनवाल्यांनी काय गाळलं? काय पदरचं घातलं?" पोरांना चुका काढायला भारी आवडतं. अध्याय आपोआप डोक्यात बसतो.

हा दोष मी एकटाच काढतो असं नाही. अमेरिकेत १९९३ मध्ये 'व्हेजीटेल्स' आलं. त्यात टोमॅटो आणि काकडी बायबलच्या गोष्टी सांगतात. त्याचे एक जनक फिल व्हिशर यांनी २०११ मध्ये एका मुलाखतीत उघडपणे म्हटलं, की आपण इतकी वर्षं मुलांना ख्रिस्ती माणसासारखं वागायला सांगत राहिलो, ख्रिस्ती विश्वास शिकवला नाही. खोटं बोलू नकोस, वाटून खा, क्षमा कर, हे सगळं चांगलंच आहे. पण ते कुठल्याही शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. कृपा कुठे आहे, हा प्रश्न उरतोच.

याच्या अगदी उलट टोकाला फ्रेड रॉजर्स. हा माणूस प्रेस्बिटेरियन चर्चचा दीक्षित पाळक होता. १९६३ मध्ये त्याला दीक्षा मिळाली. १९६८ पासून २००१ पर्यंत त्याचा मुलांचा कार्यक्रम अमेरिकेत देशभर दिसत होता. त्यात देवाचं नाव जवळजवळ येतच नसे. घरात यायचा, कोट काढून स्वेटर घालायचा, बूट बदलायचा आणि पडद्यापलीकडच्या एकेका मुलाशी संथपणे बोलायचा. राग आला तर काय करायचं, कुणी मेलं तर काय वाटतं, असे विषय. १९६९ मध्ये, पोहण्याच्या तलावांवरून काळ्या माणसांना हुसकावलं जाण्याचे दिवस होते, तेव्हा त्यानं कार्यक्रमातल्या काळ्या पोलीस अधिकाऱ्याला आपल्यासोबत पाण्याच्या टबात पाय बुडवून बसायला बोलावलं. वचन एकही नाही, आणि तरी त्याहून ख्रिस्ती दृश्य मला कुठल्याही बायबलच्या कार्टूनमध्ये सापडलेलं नाही. हा कार्यक्रम आपल्याकडे कुणी लावणार नाही, पण मोजमाप म्हणून तो डोक्यात ठेवायला हरकत नाही.

प्रत्यक्ष पारख कशी करायची? नवा कार्यक्रम आला की त्याचा एक भाग पोरं झोपल्यावर स्वतः बघा. पुढचा भाग स्वयंपाकघरातून नुसता ऐका. चित्र नसलं की ओरडणं, टोमणे, आपटाआपटी आणि अपमान यांचं प्रमाण लख्ख कळतं. 'ऑगी अँड द कॉक्रोचेस'च्या मूळ रूपात संवाद जवळपास नाहीतच. नुसत्या धडाडधूम आवाजानं पाच मिनिटांत डोकं उठतं, आणि लेकराच्या डोक्याचं काय होत असेल ते कळतं. त्यानंतर एकदा टीव्हीकडे पाठ करून पोराकडे तोंड करून बसा. ते कुठे हसतं? कुठे उशी घट्ट धरतं? शेवटी, कार्यक्रम संपल्यानंतरचा अर्धा तास बघा. चांगला कार्यक्रम बघून उठलेलं मूल खेळायला लागतं, त्यातली पात्रं होतं, प्रश्न विचारतं. वाईट कार्यक्रम बघून उठलेलं मूल धाकट्याला ढकलतं किंवा "अजून एक" म्हणून हात-पाय आपटतं. माझ्या लेखी हा शेवटचा अर्धा तास बाकी सगळ्या कसोट्यांपेक्षा मोठा आहे.

बघून झाल्यावर "यातून काय शिकलास?" हा प्रश्न मात्र विचारू नका. संडे स्कूलमध्ये वाढलेलं पोर त्याला हमखास "येशू आपल्यावर प्रीती करतो" असं उत्तर देतं आणि पळतं. त्यापेक्षा "त्यात एकटं कोण पडलं?" असं विचारा, किंवा "तो वाईट आहे हे कशावरून कळलं?" या दुसऱ्या प्रश्नावर जॉन द डॉनची खरी चर्चा होते. आपल्या सिनेमांत कितीतरी वर्षं दारूच्या गुत्त्याचा मालक मायकल असायचा आणि खलनायकाचा हस्तक रॉबर्ट. कार्टूनने तोच वारसा उचलला. नऊ-दहा वर्षांच्या ख्रिस्ती मुलाला हे कळलं पाहिजे. त्याच दमात हेही, की इतर कार्यक्रमांत दुसऱ्या समाजांची नावं, दाढ्या, बोली अशाच वापरल्या जातात. तिथे हसताना जीभ चावायला तो आपोआप शिकेल. नावावरून माणूस ओळखल्याची झळ आपल्याला लागते, तशी शेजाऱ्यालाही लागते.

विज्ञानाच्या कार्यक्रमांबद्दलही थोडं. डायनासोर आणि कोट्यवधी वर्षांचा हिशेब आला की काही घरांत चॅनेल बदलतं. आपल्याच तालुक्यात दुधाळा परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. औंढ्यातल्या लेकरांना ताऱ्यांच्या टकरीची गोष्ट गावातच ऐकायला मिळणार असताना आईबापांनी विज्ञानाला भिऊन कसं चालेल? आकाश देवाचा महिमा वर्णितं असं मानणाऱ्यांनी आधी आकाश बघितलं पाहिजे.

वेळेचं गणित ठरलेलं आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे दोन वर्षांच्या आत पडदा नाहीच. दूरच्या आजी-आजोबांशी कधीमधी व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. दोन ते पाच वयात जास्तीत जास्त एक तास, पाच ते दहा वयात दोन तासांहून कमी. यात मोबाइल धरलेला आहे. मोबाइलवर यूट्यूब देत असाल, तर आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू होणं आधी बंद करा. बायबलच्या गाण्यापासून सुरू झालेली माळ चौथ्या व्हिडिओत कुठे पोचेल, सांगता येत नाही. डिशच्या सेट टॉप बॉक्समध्ये वाहिनीला कुलूप लावायची सोय असते, ती बहुतेक घरांत कधी उघडलीच जात नाही. ओटीटीवर २०२१ च्या नियमांमुळे यू, यूए ७+, यूए १३+, यूए १६+ आणि ए अशी वर्गवारी दाखवावी लागते. ती हिंसा, भाषा, नग्नता यांपुरती उपयोगी. त्यात कालियाला दर्जा मिळत नाही.

एखादं दृश्य खरंच आक्षेपार्ह वाटलं, तर मंडळीत कुजबुजण्यापेक्षा तक्रार करावी. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांतली कार्यक्रम-संहिता धर्म किंवा समाज यांच्यावर शिंतोडे उडवायला मनाई करते, आणि मुलांच्या कार्यक्रमांत घाण भाषा व उघड हिंसा नको असंही सांगते. मनोरंजन वाहिन्यांच्या तक्रारींसाठी २०११ पासून स्वतंत्र परिषद आहे. पडद्याच्या तळाशी अधूनमधून तिची पट्टी सरकत असते. कार्यक्रम, तारीख, वेळ आणि नेमकं दृश्य एवढं लिहिलं की पुरतं.

एवढी सगळी पारख करून संध्याकाळी सात वाजता मूल आजीच्या मांडीवर बसून काय बघतं? सुनेच्या दुधात काहीतरी मिसळणारी नणंद. आणि त्यानंतर वडिलांच्या बातम्या: चौकटीत आठ माणसं, सगळी एकदम ओरडणारी. माझ्या मते ख्रिस्ती घरातल्या लेकरांसाठी दिवसातला सगळ्यात वाईट कार्यक्रम कार्टून संपल्यावर लागतो, आणि तो मोठ्यांच्या आवडीचा असतो. फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातली ती यादी, जे सत्य, जे न्याय्य, जे शुद्ध, आपण मुलांच्या रिमोटला लावतो. आपल्या रिमोटला लावत नाही. आजीला मालिका सोडा म्हणू नका, ती तिची करमणूक आहे. पण तिच्या मालिकेच्या वेळी पोरांना अंगणात, गच्चीवर किंवा गृहपाठाला बसवता येतं. बातम्या तर मोबाइलवर वाचता येतात.

आणि एखादा आवडता कार्यक्रम बंद करायचा ठरलाच, तर भाग चालू असताना मध्येच बंद करू नका. तो संपू द्या. मग कारण एका वाक्यात सांगा: "यात आईला रोज मूर्ख बनवतात, ते मला आवडत नाही." देवाच्या नावानं धाक घालू नका. "येशूला आवडत नाही" हे वाक्य एकदा टीव्हीसाठी वापरलं की पुढे दहा गोष्टींना वापरावं लागतं आणि झिजून जातं. नापसंती तुमची आहे, ती तुमच्याच नावानं सांगा. त्या वेळेला दुसरं काय करायचं तेही आधीच ठरवून ठेवा, कारण मोकळा अर्धा तास समोर आला की मूल पहिल्यांदा रिमोटच शोधणार. पहिले तीन-चार दिवस घरात आरडाओरडा होईल. तो होऊ द्यावा.